उजेड कुठून सांडतो

ऊडनाडाटाच्या कच्च्या रस्त्यावर
मर्लनं तीस वर्षं ग्रेडर चालवला.
धूळ तिला नावानिशी ओळखते.

भाचीचं बाळ सातव्या महिन्यातच जन्मलं,
अकरा आठवडे पोर्ट ऑगस्टात, काचेच्या पेटीत.
आता घरी यायचंय.
डॉक्टर म्हणाले, धुळीपासून जपा.
मर्ल फोनवर नुसतं हं म्हणाली
आणि शेडमधून जुनी लँडक्रूझर बाहेर काढली.

एअर फिल्टर टायरवर आपटला:
लाल पीठ पडलं, पावशेर तरी.
नवा बसवला, कडेनं ग्रीसचं बोट फिरवून.
मागच्या दाराचं रबर वाळून शेंगेसारखं झालेलं,
ते ओरबाडलं, दोन नखं गेली.
तळातली भोकं, कुठल्याशा जुन्या रेडिओच्या वायरींची,
एकेक करून बुजवली.
"खिडक्या बंद, पुढचा पंखा चालू,"
तिनं बाळाच्या बापाला बजावलं.
"आतली हवा बाहेर रेटत राहिली पाहिजे.
घरात माणसं बोलती असली
की चोर उंबऱ्यावरूनच परततो ना, तसं."
लॅक्लन म्हणाला, "तुला कशातून आणलं होतं गं?"
"उघड्या ट्रकमधून. लोकरीच्या गठ्ठ्यांवर.
अजून खोकते."

रात्री तिनं गाडीत दिवा ठेवला, दारं लावली,
आणि अंधारात वाकून वाकून फेऱ्या घालू लागली.
उजेड जिथून सांडेल, तिथूनच धूळ शिरणार.
बिजागरीपाशी तांदळाएवढा ठिपका.
डाव्या दाराखाली केसाएवढी रेघ.
पट्टी, पुन्हा फेरी, पुन्हा पट्टी.
शेवटी गाडी काळीठिक्कर.
आत दिवा जळतोय
हे त्या अख्ख्या माळावर दोघांनाच ठाऊक.

गुरुवारी दुपारी गाडी कुंपणापाशी थांबली,
बाहेरून भाजल्या विटेसारखी.
मर्लनं दार उघडलं.
आत दुधाचा वास, पांढरी दुलई पांढरीच.
इतकीशी मूठ. इतकंसं नाक, आपल्या आपण श्वास घेणारं.
तिला राहवेना, कपाळाला बोट लावलं.
टेगन किंचाळली, "आत शिरली! बघ, शिरलीच!"

भुवईच्या वर लाल तीट,
मुगाच्या दाण्याएवढी.

मर्लनं बोट ओवरऑलच्या खिशात लपवलं.
लॅक्लन भर उन्हात
टॉर्च घेऊन बिजागरी तपासत होता.