टोक्तोबेकचं उत्तर

मुर्गाबच्या शाळेत मुलं चौदा, टॅब नऊ.
छतावरचं सोलर पॅनल
बर्फ झटकला की जागं होतं.

टोक्तो म्हणजे थांब.
आधीची दोन गेली, म्हणून आईनं
हे नाव ठेवलं. तो राहिला,
पण शब्दही ओठाशीच थांबायला शिकले.

चार वर्षं मी त्याला फळ्यापाशी उभं केलं
आणि सगळ्या वर्गानं त्याच्या वतीनं श्वास रोखला.
माया होती ती. मला तसंच वाटायचं.

या हिवाळ्यात टॅब घरी नेऊ दिला.
विषय त्यानंच निवडला :
याक रात्री श्वास कसा घेतो.
अकरा वेळा बोलला, अकरा वेळा पुसलं,
गोठ्यात, शेणाच्या उबेत,
कुणी बघत नसताना.

बारावं आज वर्गात वाजलं.
मध्येच तो अडखळतो. ते त्यानं काढलेलं नाही.
त्या फटीतून याकचं फुसफुसणं ऐकू येतं,
लांब, ओलं, निवांत.

बुरुलकान म्हणाली,
तो थांबला ना, तिथलंच परत लाव.

मी खडू खाली ठेवला.
मागच्या बाकावर जागा होती.
बसले.