तीन हजार नंबरचं दार

व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी, मासळी वाळत घातलेल्या जाळ्यांपलीकडे,
पत्र्याच्या खोलीत अवुओर
एनपीएम इन्स्टॉल लिहून एंटर दाबते.
मागितली होती चार पॅकेजं,
आली आठशे बारा.
घरचं झालं थोडं, व्याह्यानं धाडलं घोडं,
आणि घोड्यानं खाल्ला
आठवड्याचा सगळा डेटा.

मग नोडची आवृत्ती जुनी निघाली.
मग पासवर्डांची फाइल भावाच्या लॅपटॉपवर,
भाऊ एल्डोरेटला, फोन बंद.
मग वीज गेली.
तेवढीच एक चूक
लाल अक्षरांत लिहून येत नाही.

रात्री साडेदहा. बॅटरी एकोणीस टक्के.
काळ्या खिडकीत हिरवी ओळ:
सर्व्हर सुरू, पोर्ट तीन हजार.
पानावर एवढंच,
ओमेना मासळी, एक गोरोगोरो डबा,
भाव: अनडिफाइन्ड.

"बरोबरच आहे की," अपोंडी मावशी म्हणाली,
"उद्याचा भाव आज कुणाला ठाऊक?"
आणि ओल्या बोटांनी तोच पत्ता
आपल्या फोनवर टाकला,
एकेक अक्षर विचारत.
काहीच आलं नाही.

"लोकलहोस्ट म्हणजे ज्याचं त्याचं घर, मावशी.
माझ्यात टाकलं तर माझं,
तुझ्यात टाकलं तर तुझं."

मावशीनं फोन उलटा केला,
मागं चिकटलेलं खवलं नखानं काढलं.
"मग माझ्या घरात कुणीच कसं नाही?"

अवुओरनं सर्व्हर बंद केला नाही.
स्क्रीनचा उजेड थोडा कमी केला,
आणि बादली उपडी घालून
मावशीला शेजारी जागा दिली.