डावा पाय

जामसंड्याच्या उतारावर माझं गॅरेज.
आधी ट्रॉलरचे गिअरबॉक्स उघडायचो,
भिंतींना अजून डिझेलचा आणि म्हाकुळाचा वास येतो.
चित्रलेखा तारी आली ती रिव्हर्समध्ये.
पुढचा एकही गिअर पडेना,
म्हणून तिठ्यापासून उलटी चालवत आणली गाडी.
रिक्षावाले हसले. ती नाही हसली.

डिपस्टिक ओढली.
चांगलं तेल असतं आगळासारखं, पातळ लाल.
हे काळं होतं,
तव्यावर विसरलेल्या सुकटीच्या वासाचं.
बिलबुकाच्या कोऱ्या पानावर एक थेंब सोडला,
मधोमध चकाकणारी पूड उरली.
"क्लच गेले सगळे.
मॅन्युअल बसवूया, निम्म्या पैशात होईल.
सड्यावर चारशे मीटर पळवायचीय ना तुला?"
"ऑटोमॅटिकच," ती म्हणाली.
का, ते तिनं सांगितलं नाही,
मीही विचारलं नाही. गिऱ्हाईक आहे.

व्हॉल्व्ह बॉडी उघडली की मला दरवेळी वाटतं
कुणी खाडीच कोरलीय ॲल्युमिनियमात:
फाटे, बांध, खारातल्या उघाड्या,
दाब चढला की कुठली दारं उघडायची
ते सगळं आधीच ठरलेलं.
आणि मिरीएवढ्या सहा गोळ्या.
एक हरवली.
चुंबक घेऊन दोन तास रांगलो फरशीवर,
शेवटी माझ्याच चपलेत निघाली.

क्लचच्या प्रत्येक डब्यात एकेक चकती वाढवली.
कन्व्हर्टर कोल्हापुरात कापून, जोडून, तोलून घेतला,
तो एसटीनं आला, गोणपाटात, नारळासारखा.
अठ्ठावीसशेला पकडतो आता,
आधी इंजिनाला छाती भरू देतो, मग ढकलतो.
कूलर बर्फाच्या गाडीचा, जुना.
ताकदीनं नाही, गरमीनं मरतो गिअरबॉक्स,
हे पोरांना शंभरदा सांगितलंय.
मग पत्र्यातलं भोक मोठं पाडलं,
म्हणजे दुसरा गिअर पडेल तो खाडकन, घसरणार नाही.
खूश होतो मी.

चौथ्या दिवशी गाडी परत आली.
दार उघडून आधी काठी बाहेर आली,
मग भिकाजी तारी, स्टिअरिंगमागून.
डावा पाय गुडघ्याखाली नव्हता.
विंचच्या दोरात गेला, वीस वर्षं झाली.
"मिस्त्री, दुसऱ्या गिअराक लाथ मारता हो तुमची गाडी.
पेजेचो डबो सांडलो, सगळी सीट भरली."

मी सीट पाहिली. पेज वाळली होती.
गाडीत दोनच पेडल. कितीदा पाहिली असतील मी ती.

पुन्हा उतरवला गिअरबॉक्स. मजुरी लावली नाही.
पितळेचा नवा पत्रा केला,
भोक पाव मिलिमीटर, पाव मिलिमीटरनं वाढवत नेलं,
दोन स्प्रिंगा घासल्या, एक फेकली,
पाय हलका तर गिअर मऊ पडावा,
पाय रुतला तर कडक.
झडप एक, स्वभाव दोन.
अकरा दिवस गेले त्यात.

रविवारी सड्यावर ऊन कातळातून वर येत होतं.
चित्रलेखानं वजन कमी करायला
स्टेपनी काढली, जॅक काढला, मागची सीट काढली.
काठी राहिली. ती कुणाला दिसतच नाही.
रेषेवर गाडी उभी.
डावा पाय ब्रेकवर गच्च, उजवा खाली खाली,
गाडी दाव्याला ओढणाऱ्या पाड्यासारखी थरथरली.
भिकाजी माझ्या शेजारी उभा,
लेकीच्या नाही, तिच्या पायाकडे बघत.
मग तो पाय उचलला गेला.

म्हापशाच्या पोरापेक्षा बोनेटभर मागे राहिली.
पंधराला दोन दशांश कमी.
ती शिव्या देत उतरली, मी डिपस्टिक काढली,
बिलबुकाच्या त्याच पानावर, काळ्या डागाशेजारी,
थेंब सोडला. आगळ.

जाताना भिकाजीनं चावी मागितली.
ती डावीकडे बसली, मांडीवर डबा.
वळणापर्यंत मी कान लावून होतो.
दुसरा कधी पडला,
ते मला ऐकूच आलं नाही.