कोपरापुरती ढील

चिकलठाण्यात, मे महिन्यात, दुपारी दोन वाजता
पत्र्याच्या शेडखाली आम्ही बर्फासाठी कापड विणतो.
पंखा गरम हवा उचलून
या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात नेऊन ठेवतो,
आणि माझ्या कपाळाला घामानं चिकटलेलं असतं
बदकाचं एक पीस, छातीवरचं, मऊ,
जे कापडातून बाहेर यायलाच नको होतं.

अडचण सांगायला सोपी आहे.
पीस आत राहायचं तर वीण घट्ट हवी,
इतकी, की वाफ जाईल पण पिसाची दांडी जाणार नाही.
अंग हलायचं तर कापड ताणलं पाहिजे.
ताणलं की भोकं उघडतात
आणि पिसं निघतात एकेक,
जत्रेत हात सुटलेल्या पोरांसारखी.

ताणा या शब्दातच ताण आहे,
पण त्यानं जागचं हलायचं नसतं.
नमतं घ्यायचं ते बाण्यानं.
(ज्यानं हे नाव ठेवलं त्याला गंमत कळली होती का?)

बाण्यात लवचीक सूत घातलं, वरून नायलॉनचा वेढा.
मागावर पन्हा सत्तर इंच,
भट्टीतून निघाला तेव्हा पंचावन्न.
धागे एकमेकांच्या कुशीत शिरलेले.
मला वाटलं, जमलं.
मग पट्टीला वजन टांगलं, अर्धा तास. काढलं.
कापड परतलं, पण सगळं नाही.
दोन टक्के कुठेतरी राहून गेलं.
एकवीस नमुने, आणि प्रत्येकात ते दोन टक्के.
घरी भाकरी थापतानाही मी पिठाकडे बघायचे,
दाबलं की किती पसरतं,
सोडलं की किती मागे येतं.

निजामुद्दीनमामू माग बांधतात.
त्यांचे आजोबा नवाबपुऱ्यात हिमरू विणायचे.
मामूंनी जाकिटाचा नमुना उन्हात धरला,
शिवणीवर बोट ठेवलं:
"म्याडम, सुईचं भोक म्हणजे दरवाजा.
दरवाजे तुम्हीच ठेवता, चोराला काय बोलता?"
मग नमुना उलटा केला.
"हिमरूत बुट्टी नाही तिथं धागा पाठीमागून चालतो.
कापडाची पाठ बघायला शिका."

म्हणून बाविसावा:
दोन पदर एकदम विणलेले,
आणि कप्पा संपतो तिथं पदरांची अदलाबदल,
वरचा खाली, खालचा वर.
सुई नाही. शिवण नाही.
आणि घट्टपणा मोजला तो आखडलेल्या कापडाचा नाही,
ताणलेल्या कापडाचा,
म्हणजे सर्वांत वाईट वेळेचा.

हे सगळं सुरू झालं गयाबाईंमुळे.
जालन्याच्या शीतगृहात मोसंबीचे क्रेट रचतात त्या,
चार अंशांत, दोन स्वेटर आणि वर नवऱ्याचा शर्ट.
गेल्या वर्षी सहज म्हणाल्या होत्या,
"हात वर केला की पाठ उघडी पडती, बाई.
थंडी तिथूनच घुसती."

बाविसावा घेऊन गेले. बाहेर त्रेचाळीस.
गयाबाईंनी लुगड्यावर जाकीट चढवलं,
सातव्या थरावर क्रेट ठेवला, खाली आल्या, पुन्हा वर.
कापड कोपरामागे गेलं, आणि कोपराबरोबर परत आलं.
पाठ झाकलेलीच.
मी फरशीवर पिसं शोधत होते.
त्यांनी विचारलं,
"हे आमच्यासाठी व्हय?"
मी म्हणाले, ऑर्डर परदेशातली आहे.
"मग बरं," म्हणाल्या. काय बरं, ते सांगितलं नाही.
जाकीट काढून, झटकून, चौघडी घालून दिलं,
लग्नातला आहेर परत करावा तसं.

संध्याकाळी बाही मोजली.
कोपरापाशी अर्धा टक्का राहिला होता,
गयाबाईंच्या कोपराचा आकार,
इस्त्री फिरवली तरी तिथंच.

रिपोर्टमध्ये लिहिलं:
नमुना बावीस. शिल्लक वाढ, अर्धा टक्का.
स्वीकारार्ह.