पंधरा मिनिटं, उभ्यानं

तिबिलिसीत, सबुर्तालोतल्या तिसऱ्या मजल्यावर
सकाळी सव्वानऊला आम्ही सातजण उभे राहतो.
खुर्च्या आहेत, तरी उभे.
बसलं की माणूस पाल्हाळ लावतो, असं मालखाझचं म्हणणं.

मालखाझचे कान चेंगरून फुलकोबी झालेले.
बारा वर्षं रग्बी खेळला, पहिल्या रांगेत.
आठांनी खांद्यात खांदे अडकवायचे, माना खाली,
आणि समोरच्या आठांना रेटायचं:
त्या झोंबीला म्हणतात स्क्रम.
आमच्या कामाचं नाव तिथून उचललेलं,
फक्त इथे समोर कोणी नाही,
भिंत आहे, भिंतीवर पिवळ्या चिठ्ठ्या:
करायचंय. चाललंय. झालं.

पहिल्या दिवशी मी त्याला साहेब म्हटलं.
"साहेब नाही," तो म्हणाला. "तमादासुद्धा नाही,
की मी पेला उचलल्याशिवाय पंगतीत कुणी प्यायचं नाही.
मी वाटेतले दगड उचलतो.
दगड कुठे आहे तेवढं सांगत जा."

काय हवं ते एतेरी ठरवते.
बावीस वर्षं तिनं रुग्णवाहिकेचा फोन उचलला,
आता त्याच फोनसाठी आम्ही काहीतरी बनवतोय.
यादी तिची: एकशे तीस कामं, निकडीचं सगळ्यात वर.
किती जमेल ते मात्र आम्ही सांगायचं.
दोन आठवड्यांत मावेल तेवढंच उचलायचं,
आणि एकदा उचललं
की एतेरीही मध्ये नवं काम घुसडत नाही;
खिडकीशी उभी राहून नुसते ओठ चावते.

मी नकाशा उचलला होता.

काल काय केलं, आज काय करणार, काही अडलंय?
मंगळवारी म्हणाले, नाही.
बुधवारी, नाही.
गुरुवारी पाआतानं माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं.
नाही म्हटलं ना.

मग दाखवायचा दिवस.
एतेरीनं फोन खांदा आणि गालात धरला, तिच्या सवयीनं,
डोळे मिटले.
"बाई ओरडतेय. नवरा पडलाय. पत्ता विचारला तर म्हणते,
जुन्या पावभट्टीच्या मागे, अक्रोडाच्या झाडाशी.
भर."
मी भरलं.
नकाशानं लाल ठिपका टाकला
मत्क्वारी नदीच्या मधोमध.

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

दुपारी मालखाझनं दार लावलं,
हिरवं टॅरॅगॉनचं सरबत ओतलं सगळ्यांना.
कामाबद्दल नाही, काम कसं केलं त्याबद्दल बोलायचं.
मी पेल्यातल्या बुडबुड्यांकडे बघत म्हणाले,
तीन दिवस अडले होते. लाज वाटली.
तो बराच वेळ गप्प. मग स्वतःची मान चोळत:
"झोंबीत एकानं नुसता धरल्याचा आव आणला
की शेजारच्याची मान जाते."
एवढंच. सरबत संपवलं.

एतेरी हिशेब करत होती, फोनवाल्या बायका करतात तसा, ओठांतल्या ओठांत.
"दोन आठवडे गेले," म्हणाली.
"मागच्या कंपनीनं दोन वर्षांनी दाखवलं होतं."

आणि तिनं यादीच्या तळातली,
एकशे सत्ताविसावी चिठ्ठी उपटली:
नुत्सुबिद्झेच्या लिफ्टला नाणं लागतं.
"नवव्या मजल्यावर माणूस निळा पडलाय
आणि खाली डॉक्टर खिसे चाचपतोय.
तुम्हाला हे तळात बरं वाटलं. मलाही वाटलं होतं."
थुंकी लावल्यासारखा अंगठा दाबून
तिनं ती सगळ्यात वर चिकटवली.

सोमवारी, सव्वानऊ.
माझी पाळी आली. "अडलंय," मी म्हणाले,
आणि जीभ जड झाली, परक्या भाषेतला शब्द असावा तशी.
पाआतानं आपली चिठ्ठी खाली ठेवली,
स्टूल ओढून माझ्या पडद्याशी आला.
त्याच्या अंगाला लसणाचा वास होता.

झालं म्हणजे काय, हे आता भिंतीवर लिहिलंय
एतेरीच्या तिरप्या अक्षरात:
रात्री तीन वाजता, नव्या मुलीला,
कुणालाही न विचारता कळलं, तर झालं.

शुक्रवारी ती नवी मुलगी आली, सालोमे, एकोणीस वर्षांची.
फोन वाजवला. तिनं भट्टी लिहिलं, अक्रोड लिहिलं,
ठिपका नदीतून निघून काठावर आला, अजून दोन गल्ल्या चुकलेला,
पण खाली ठळक अक्षरात उमटलं:
सुटी नाणी घेऊन निघा.