खोडरबर

रात्री पावणेतीनला पिंपळगावच्या शीतगृहातून फोन.
"मॅडम, चार नंबरची खोली कधी अकरा दाखवते,
कधी उणे चाळीस. द्राक्षं मात्र होती तिथेच आहेत."

पिशवी दाराशीच असते.
मल्टिमीटर, त्याची लाल तार चिकटपट्टीवर जगलेली.
साइड कटर, ज्याने मी एकदा खिळा तोडला (कबूल).
सराफ बाजारातून घासाघीस करून आणलेलं भिंग.
आणि चिमटा, देठावर कोरलेलं: सु. गांगुर्डे.
गांगुर्डे नोकरी सोडून पुण्याला गेला,
चिमटा अंबडलाच राहिला.

रॅक आमचाच. आठ कप्पे, आठ कार्डं,
ज्याचं काम त्याने करायचं,
बिघडलं तर ओढा, दुसरं सरकवा.
"दोन मिनिटांत", असं पत्रकावर ठळक छापलंय,
ते वाक्य माझंच.

ओढलं. सरकवलं. खट्.
दोन मिनिटं खरंच बरं चाललं.
मग पुन्हा उणे चाळीस.
तिसरं कार्ड. तेच.
शिरसाठ शाल गुंडाळून मागे उभा,
काही बोलत नव्हता, ते जास्त लागत होतं.

शेवटी कार्ड सोडून खाच पाहिली, भिंगातून.
चांदीचा मुलामा दिलेल्या पिना
काजळ धरल्यासारख्या काळ्या.
वास घेतला आणि कळलं:
पेट्यांत द्राक्षांवर पसरलेला तो कागद,
बुरशी लागू नये म्हणून गंधक सोडत राहणारा.
त्याने द्राक्षं राखली
आणि हळूहळू आमची चांदी खाल्ली.

कार्ड धड होतं. रॅक धड होता.
दोघं टेकतात ती रेघ आजारी होती,
सुईच्या टोकाएवढी,
जिच्यासाठी मी कुठलाच कप्पा ठेवला नव्हता.

"खोडरबर आहे का?"
शिरसाठने हिशेबाच्या वहीतून काढून दिला,
मुलीचा, गुलाबी, स्ट्रॉबेरीच्या वासाचा.
ब्लेडने त्याची पातळ फाक कापली,
गांगुर्डेच्या चिमट्यात धरली,
एकेक पिन पुसत गेले.
काळा चुरा पडत राहिला, शाळेतल्यासारखा.

मीटरने टुंई केलं.
शून्य पॉइंट चार. थांबलो. शून्य पॉइंट चार.
शिरसाठ म्हणाला, "चहा?"

परतताना ओझरपाशी उजाडलं.
अहवालात काय लिहू? संपर्क स्वच्छ केला.
पुढच्या खेपेला पिनांवर सोनं चढवा.
साहेब म्हणतील, किती वाढेल?
म्हणू देत.

घरी पिशवी उघडली तर
चिमट्याशेजारी उरलेला खोडरबर.
परत द्यायचा राहिला.