दहापैकी किती

टेंभीपाड्याच्या चढावर, निळ्या पिंपांपाशी
उल्हास माझी वाट बघत थांबतो.
"मॅडम, तेवढा शब्द काढू नका.
आम्ही त्यांना अल्सर सांगितलाय."
फाइलीवरचं रुग्णालयाचं नाव
त्याने पांढऱ्या पट्टीने झाकलंय.
पट्टीखालून वाचता येतं.

आत विश्राम परब,
एकतीस वर्षं रेशन दुकानात मापाडी,
आता स्वतः अडतीस किलो.
मी कागद काढते, नेहमीचं विचारते,
शून्य ते दहा, मन किती जड आहे?
ते हसतात, खोकला येईपर्यंत.
"किलोत सांगू काय लिटरात?
तांदूळ काय रॉकेल, ता आदी सांग."

मी पेन बंद करते.

उल्हास चहा आणायला गेला की
दाराकडे बघत हळूच म्हणतात,
"झिलाक सांगू नको हां. माका सगळा ठावक आसा.
अल्सर झाल्यार कोण घरी येऊन
हात धरून बसता?"

असे पाच मंगळवार.
दोघांचं एकच गुपित
पिशवीच्या दोन खणांत घेऊन मी चढ उतरले.
शिकवलं होतं, आपण मधे बोलू नये,
त्यांना जागा करून द्यावी.
शेगडीचं बटण फिरवायला
जिथे खाट सरकवावी लागते
तिथे जागा कुठून आणायची
ते शिकवलं नव्हतं.

सहाव्या मंगळवारी औषधाची वेळ झाली.
मॉर्फिनच्या बाटलीतून उल्हास
उभ्यानेच पिचकारीत पाच मिली ओढत होता.
"खाली बस." दुकानातला आवाज.
"माप उभ्यान वाचूचा नसता. डोळ्यासमोर धर.
चारच आसा ता.
गिऱ्हाइकाक फसयतंस?"

तो गुडघ्यावर बसला.
पिचकारी दोघांच्या डोळ्यांमध्ये.
मग पिचकारी खाली आली,
दोघं तसेच.

"कधीपासून, बाबा?"
"तुझ्या आदी."

मी रिकामा तांब्या घेऊन उगाच बाहेर आले.
शेजारच्या उंबऱ्यात मेथी निवडत बसलेली बाई
मान वर न करता म्हणाली,
"रडतायत?"
"हो."
"दोघंपण?"
"हो."
तिने मांडीवरची मेथी झटकली,
आत जाऊन
टीव्हीचा आवाज वाढवला.